कडी असलेला टाक

2023च्या दिवाळीत आमच्या घरातले सगळेच इतिहास संशोधक झाले होते. बीड जिल्ह्यात तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं. सप्टेंबरमध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामाच्या काळातल्या दप्तरांत ‘कुणबी’ हा शब्द शोधायचं काम निघालं. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948पर्यंत निजामाकडे. त्यामुळे जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत, आणि साल फसली. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतं, हे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

अर्ज माझा, म्हणून वंशावळ लिहायचं कामही माझ्याकडे. मी, वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. सरळ रेघ. त्यात बायका नाहीत, कारण नातं वडिलांकडूनच धरतात.

तरी एक बाई सापडलीच. उर्दू वाचून देणाऱ्या गुरुजींनी फसली 1331च्या एका नोंदीवर बोट ठेवलं. खापरपणजोबा वारले होते आणि जमिनीपुढे त्यांच्या ‘बेवा’चं नाव चढलं होतं. मी आमचे सातबारे पुन्हा काढले. नावापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार लागलेल्या जेवढ्या बाया होत्या, त्या सगळ्या विधवा. नवरा गेला की बाई कागदावर येणार. ती आधी गेली, तर येणारच नाही.

चुलते म्हणाले, “ही दुसरी. पहिली निघून गेली म्हणतात.”

निघून गेली म्हणजे कुठं? कुणाला ठाऊक नव्हतं. पण बोलताना सगळ्यांचा आवाज एकदम खाली यायचा. सव्वाशे वर्षांनीसुद्धा!

मी आजीला विचारलं. ती देवघर पुसत होती. काही न बोलता तिनं चांदीचे टाक माझ्यासमोर मांडले. खंडोबा, तुळजाभवानी, आणि एक उभी बाई, झिजून नाक-डोळे सपाट झालेली. मी लहानपणापासून तिला कुठली तरी देवी समजून हळदकुंकू वाहत आलेय. आजीनं टाक उलटा केला. वर बारीक कडी होती. बाकीच्या टाकांना कडी नाही.

“ह्यो देव नाही. ह्यो गळ्यातला हाय.”

पूर्वी दुसरेपणावर दिलेली बायको वारलेल्या पहिलीचा टाक गळ्यात घालायची. सवत कोपू नये म्हणून. म्हणजे कागदावरच्या खापरपणजीनं जन्मभर ही बाई गळ्यात वागवली होती. हे कळल्यावर मला तो टाक हातात धरवेना. तिला कधी काढून ठेवावासा वाटला असेल का?

“पण ती तर निघून गेली ना?”

“निघून गेलेलीची नवमी कोन करतं गं?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. भाद्रपदात, पितृपक्षातल्या नवमीला आमच्याकडे सवाष्ण जेवते. अविधवा नवमी ही नवरा हयात असताना गेलेल्या बाईची. आणि खापरपणजी, पणजी दोघीही विधवा होऊन गेलेल्या. मग हे जेवण कुणाचं, असं आजवर मी कधी विचारलंच नव्हतं. शास्त्राप्रमाणे ही नवमी नवरा असेपर्यंतच करायची. तो गेल्यावर सवतीनं ती बंद पडू दिली नाही. पुढे सुनेला सांगितलं, तिनं माझ्या आजीला.

आजीच्या सासूनं एवढंच सांगितलं होतं की ती “मोठ्या दुष्काळात” गेली. 1899-1900च्या दुष्काळानं मराठवाडा होरपळला होता, तोच असावा. अन्नावाचून की पटकीनं, बाळंतपणात की आणखी कशानं, ते आता कळणार नाही.

“नाव काय होतं तिचं?”

“नाव कुनी घेतलंच नाही. सासूबाई थोरली म्हनायच्या.”

अर्जाला जोडलेल्या वंशावळीत तिला जागा नव्हती. पण ग्रुपवर टाकायच्या प्रतीत मी खापरपणजोबांच्या शेजारी दोन नावं लिहिली, त्यातलं पहिलं ‘थोरली’. पाच मिनिटांत चुलत्यांचा मेसेज आला : हे कोण?

आजीनं माझा फोन मागितला. आयुष्यातली पहिली व्हॉइस नोट तिनं तोंडाजवळ फोन धरून ओरडतच पाठवली :

“दरसाली नवमीला जेवतोस ना रे? तिचंच जेवतोस.”