दुसरा पडदा का विझला?

खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून खाली आले, त्यावर वीज झाली आणि ती तारांवरून मुंबईला गेली. तिथल्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. पण ज्या डोंगरांच्या पायथ्याशी ती वीज तयार होत होती, तिथल्या आपल्या वाड्यांत पुढे कितीतरी वर्षे रॉकेलची चिमणीच मिणमिणत होती. विजेमागोमाग आपली माणसेही मुंबईला कामाला जाऊ लागली. कर्जतपासून मुंबईचे मोठे स्टेशन शंभर किलोमीटर. जाऊन येऊन चार-पाच तास लोकलमध्येच जातात.

आता थोडे उलटे होऊ लागले आहे. मुंबईचे काम तारेवरून आपल्या घरात येते. माझी सून एका मुंबईच्या ऑफिसचे हिशेब घरी बसून लिहिते. लॅपटॉपच्या पडद्यावर बिल आणि शेजारच्या मॉनिटरवर हिशेबाचा तक्ता. एकाच पडद्यावर हे काम केले तर सारखी खिडकी बदलावी लागते, डोळे शिणतात आणि आकडा चुकतो. म्हणून तिने पैसे साठवून जुना मॉनिटर विकत घेतला होता.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी हा दुसरा पडदा काळाच राहिला. लॅपटॉपवरची अक्षरेही फुगल्यासारखी मोठी दिसू लागली. महिनाअखेर होती. जमत नसेल तर उद्यापासून ऑफिसात येऊन काम करा, असा निरोप आला. घरात बालवाडीतले पोर. सूनबाई मशीन घेऊन दुकानात गेली. तिथला माणूस म्हणाला, "बाई, हे जुनं मशीन दोन मॉनिटर ओढत नाही. नवीन घ्या." तिने कारण विचारले, तर म्हणाला, "ते तुम्हाला समजायचं नाही."

बांधवांनो, हे वाक्य आपल्या चांगले ओळखीचे आहे. आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या हेच ऐकवले गेले. पण सूनबाई मशीन उचलून घरी आली. कालपर्यंत दोन मॉनिटर चालत होते, मग एका रात्रीत बदलले काय, एवढाच तिचा प्रश्न होता. आदल्या रात्री विंडोजचे मोठे अपडेट झाले होते. तिने डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्सखाली पाहिले. तिथे इंटेलचे नाव असायला हवे होते, दिसत होते 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'.

मी जन्मभर वायरमनचे काम केले, म्हणून तिने मला माझ्या भाषेत समजावले. चित्र तयार करणारी चिप आणि विंडोज यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. खरा दुभाषा नसला की विंडोज आपला कामचलाऊ दुभाषा बसवते. तो एक पडदा कसाबसा चालवतो, चित्र दुसऱ्या पडद्यापर्यंत पसरवणे त्याला येत नाही. तिने लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून ग्राफिक्सचा ड्रायव्हर उतरवला, बसवला आणि मशीन बंद करून चालू केले. दुसरा पडदा उजळला. एक रुपया लागला नाही.

ज्यांच्या घरी असे काम आहे, त्यांनी या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधी वायर पाहा. दोन्ही टोके घट्ट आहेत का, मॉनिटरच्या बटणाने योग्य इनपुट निवडले आहे का, ते बघा. मग विंडोजची कळ आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट'वर दोन्हीकडे एकच चित्र दिसते. साध्या स्प्लिटरनेही तेच होते, त्यावर पैसे घालवू नका. डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डाच्या खाचेत लावा, मदरबोर्डच्या नव्हे. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर एचडीएमआयचे व्हीजीए करणारा कन्व्हर्टर मागा. उलट्या दिशेचा चालत नाही.

ड्रायव्हर घ्यायचा तो मशीनच्या कंपनीकडून, नाहीतर इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या स्वतःच्या साइटवरून. 'तुमचे सगळे ड्रायव्हर जुने झाले' अशा जाहिरातींवर बोट ठेवू नका. नव्या ड्रायव्हरने काही बिघडले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, त्याने जुना परत येतो. आपल्याकडे पावसात वीज जाते, तेव्हा लॅपटॉप पुरता चार्ज करूनच हे काम काढा.

कधीकधी दुकानदाराचे खरेही असते. इंटेलच्या २०११ सालच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला दोनच पडदे झेपतात, लॅपटॉपचा स्वतःचा धरून. तीन पडद्यांची सोय २०१२ च्या पिढीपासून आली. अशा जुन्या मशीनला तिसरा मॉनिटर नुसत्या ड्रायव्हरने चालणार नाही. पण हे तपासून कळले पाहिजे, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. तथागतांनी कालामांना तरी दुसरे काय सांगितले? कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा.

आपल्या वाड्यांतून आता संगणक शिकलेली मुले-मुली आहेत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांच्यापैकी एकाने तासभर बसावे, आणि ज्यांची यंत्रे अडली आहेत त्यांनी ती घेऊन यावे. दुरुस्त करून देण्यापेक्षा कारण समजावून द्यावे. ज्याला कारण कळले, त्याला 'तुम्हाला समजायचं नाही' असे पुन्हा कुणी म्हणू शकत नाही.

जयभीम!