रुळांवरची अक्षरं

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर फलाटाच्या कडेपासून थोडं मागे उभं राहून खाली पाहिलं की रुळाच्या अंगावर उठावाची अक्षरं दिसतात. फलाटालगतच्या रुळावर नाही, पलीकडच्या रुळाच्या आतल्या बाजूला. चाक ज्यावरून जातं ते रुळाचं डोकं, स्लीपरवर टेकतो तो पाय, आणि दोघांना जोडणारी उभी पट्टी म्हणजे वेब. अक्षरं या वेबवर असतात. ५२ किंवा ६० लिहिलेलं असेल तर ते एक मीटर रुळाचं किलोतलं वजन. ८८० म्हणजे पोलाद किती ताण सोसतं त्याचा आकडा. मग ‘सेल’ हे आमच्या कंपनीचं नाव, मग रोमन आकड्यात महिना आणि शेवटी वर्ष. रूळ लालभडक असताना रोलवर कोरलेला मजकूर त्याच्या अंगावर उमटतो आणि रूळ झिजून निघेपर्यंत तसाच राहतो.

मी भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये इंजिनीयर आहे, आणि सुट्टीच्या दिवशी रूळ वाचत फिरणं हा माझा छंद आहे. आठवडाभर रुळांत राहून रविवारी पुन्हा तेच कशाला, असं नातेवाईक विचारतात. मिलमध्ये एक रूळ माझ्यासमोर फार थोडा वेळ असतो. डोक्यात पोलाद जास्त, पायाच्या कडा पातळ, त्यामुळे दोन्ही सारख्या वेगानं निवत नाहीत आणि निवता निवता रूळ वाकतो. म्हणून गरम असतानाच त्याला उलटा बाक द्यायचा, नंतर रोलरमधून सरळ काढायचा, अल्ट्रासॉनिकनं आतली चीर शोधायची. एवढं झालं की तो गेला. कुठे गेला, त्याच्यावरून कोण चाललंय, हे शिफ्टमध्ये कळत नाही. ते पाहायला घराबाहेरच पडावं लागतं.

आमचं घर कॅम्प वस्तीच्या बाजूला, त्यामुळे पावर हाउस स्टेशन पायी जाण्याइतकं जवळ. संध्याकाळी मुलीला घेऊन मी तिथे जातो. कधी नागपूरच्या दिशेनं निघालेली आमच्याच रुळांची मालगाडी जाते. २६० मीटरचे अखंड रूळ कितीतरी वाघिणींवर आडवे पसरलेले असतात आणि वळणावर ते पोलाद गाडीबरोबर सहज वळतं. पूर्वी असा लांब पॅनेल चार तुकडे जोडून व्हायचा. नव्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये १३० मीटरचा एकसंध रूळ निघतो, म्हणजे २६० मीटरमध्ये एकच जोड. जोड जितके कमी, तितक्या तडा जाण्याच्या जागा कमी. मुलीला हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे बाबा, आजीकडे जाताना खडखड कमी होते ती यामुळेच?” यामुळेच.

आजी नागपूरला. माझे वडील तिकडून इथे कोक ओव्हनमध्ये नोकरीला आले. या कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला १९५५ साली, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. त्यानंतर विदर्भातून जी माणसं आली त्यांना ही लाइन नवी नव्हती. नागपूर ते राजनांदगाव मीटरगेज १८८२ सालीच सुरू झाली होती, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेनं ती ब्रॉडगेज केली. या वाटेवरच्या लहान स्टेशनांत कुंपणाचे खांब म्हणून जुने रूळ उभे केलेले दिसतात. काहींवर टाटांचं नाव, काहींवर विलायती कारखान्यांची नावं. आम्ही तीही उतरवून घेतो. मुलीनं वही केली आहे. त्यात स्टेशन, वजन, महिना, वर्ष. अक्षरं पुसट असतील तर ती पेन्सिलीनं लिहिते, खात्री असेल तर पेननं. हा नियम तिचा.

आमच्या सहलीही साहजिकच रुळाच्या आधारानं ठरतात. मैत्रीबागेत पांढरे वाघ पाहायला जातोच, भिलाईत वाढलेलं मूल तिथे गेल्याशिवाय राहत नाही. पण मला सगळ्यात आवडते ती दुर्ग-दल्ली राजहरा लाइन. गुंडरदेहीवरून बालोदला उतरायचं आणि तांदुला धरणावर दिवस काढायचा. वाटेत लोहखनिजाच्या गाड्या भेटतात. राजहऱ्याचं खनिज यांतून भिलाईला जातं, आणि तांदुल्याचं पाणी कालव्यानं मरोद्याच्या जलाशयात येऊन कारखान्याला मिळतं. रुळासाठी लागणारी माती आणि पाणी दोन्ही एका दिवसात मुलीच्या डोळ्यांसमोरून जातात. हे पुस्तकात वाचून तिला इतकं कळलं नसतं, असं मला खरंच वाटतं. धरणाच्या काठावर तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, आणि शेजारच्या काकींकडून बायकोनं शिकलेली ठेठरी. परत येताना फलाटावर मी वाकून बघत असलो की ही म्हणते, “अहो, गाडी येऊन राहिली, मागे व्हा बरं.” मी मागे होतो. गाडी जवळ असताना वाचायचं नाही आणि रुळावर कधीच उतरायचं नाही, हे आमच्या घरात पक्कं आहे.

एकदा रायपूरहून छोट्या लाइनीनं राजीमला गेलो होतो. अडीच फुटी गेज, हलके रूळ, आणि शेतांच्या इतकी जवळून जाणारी गाडी की धानाचा वास डब्यात यायचा. राजीवलोचनाचं देऊळ पाहिलं, महानदीच्या पात्रातल्या कुलेश्वरापर्यंत वाळूतून चालत गेलो. पुढे ती लाइन बंद होऊन ब्रॉडगेजचं काम सुरू झालं. ते व्हायलाच हवं होतं, लोकांना मोठी गाडी हवी. वहीतलं त्या दिवसाचं पान मात्र मला फार मोलाचं वाटतं.

पावर हाउसच्या रुळांबद्दल आणखी एक गोष्ट मी मुलीला ती जरा मोठी झाल्यावर सांगितली. १ जुलै १९९२ ला कामावरून काढलेल्या मजुरांना परत घ्या, ही मागणी घेऊन छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे कामगार इथेच रुळांवर बसले होते. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची आदल्या सप्टेंबरात भिलाईत हत्या झाली होती. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला आणि कामगार मारले गेले. दर १ जुलैला लोक इथे जमतात, त्यांना श्रद्धांजली वाहतात. पोलाद कसं होतं ते शिकवायचं आणि पोलादाच्या गावात माणसांचं काय झालं ते गाळायचं, हे मला पटत नाही. तिनं वहीत ती तारीख लिहिली. पेननं.

पोळ्याच्या आधी आम्ही पावर हाउसच्या बाजारात जातो. इथे त्याला पोरा म्हणतात. चाकांवरचे मातीचे बैल, मुलींसाठी मातीचं जातं आणि चूल. नागपूरला तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल असतात, इथे मातीचे. मातीची चाकं लवकर फुटतात, म्हणून मी घरी सागाच्या तुकड्यांची चाकं करून बसवतो. वाड्यातली बाकीची मुलंही आपापले बैल घेऊन येतात. पोऱ्याच्या आदल्या रात्री आमच्या व्हरांड्यात बैलांची रांग लागलेली असते.

राजहऱ्याचं चांगलं खनिज आता संपत चाललंय, म्हणून लाइन पुढे रावघाटच्या डोंगरांकडे नेली आहे. अंतागढच्याही पुढे प्रवासी गाडी जाते. या थंडीत तिकडे जायचं ठरलंय. लाइन नवी असल्यामुळे तिथले रूळही अलीकडचे असणार, आणि त्यांतले काही माझ्या शिफ्टमध्ये निघालेले असतील. महिना-वर्ष वाचून मुलगी ते माझ्या ड्यूटीच्या डायरीशी ताडून पाहणार आहे.