गोठ्यातले शब्द

बालपणी आजोबांपुढे बसून अमरकोशाच्या द्वितीय कांडातील सिंहादिवर्गाची संथा घेताना महिष, मार्जार, उन्दुरु, मर्कट ही नावे मी मुखोद्गत केली. परंतु परसातील गोठ्यात आणि धान्याच्या कणगीभोवती हीच नावे म्हैस, मांजर, उंदीर होऊन नित्य वावरत आहेत, हे त्या वयात कोणी उलगडून सांगितले नाही.

पुढे महसूल खात्यात कारकुनी करताना कोंडवाड्याचे दफ्तर हाती आले. गोऱ्हा, कालवड, पारडू, शिंगरू, करडू अशा तपशिलाने जनावरांची नोंद करण्याचा तेथील शिरस्ता होता, आणि ते ‘जनावर’ही फारसीतून आलेले, ‘जीव असलेले’ या अर्थाचे. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळी कोणताही वन्य पशू. मृगया, मृगराज, शाखामृग हे शब्द त्याची साक्ष देतात. तमिळ आणि मल्याळम भाषांत तो व्यापक अर्थ आजही नांदतो. आपल्याकडे मृग हरणापुरता उरला.

कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ 1946 साली प्रसिद्ध झाला आणि माझ्या या जुन्या कुतूहलाला शास्त्राचा आधार मिळाला. घोड्याचा माग वैदिक अश्वापाशी न जाता घोटकापाशी जातो, आणि त्या घोटकाचे नाते विद्वान तमिळ ‘कुदिरै’, कन्नड ‘कुदुरे’ यांच्याशी जोडू पाहतात. संस्कृतातील नकुल पोथीतच राहिला; कन्नड-तेलुगूंत ज्याची भावंडे आहेत ते मुंगूस मात्र आपल्या रानातून निघून इंग्रजीपर्यंत पोहोचले.

तथापि माझे मन सर्वाधिक रमते ते पतंजलींच्या महाभाष्यात. ‘गौः’ हा एक शुद्ध शब्द सांगून गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे त्याचे अपभ्रंश म्हणून त्यांनी गणले. आणि दोन सहस्रकांहून अधिक काळानंतर आपल्या दावणीला जी ‘गाय’ उभी आहे, ती त्या अव्हेरलेल्या ‘गावी’चीच वंशज होय. वैयाकरणांनी शुद्ध रूप जतन केले हे त्यांचे ऋण थोरच. पण शब्दांचा वंश चालविला तो गुरे राखणाऱ्यांच्या जिव्हेने.

आज गोठे ओस पडत आहेत. म्हणून शब्दांवर प्रेम करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी धनगरांच्या वाड्यावर, गुराख्यांच्या संगतीत चार दिवस काढावेत आणि वयानुसार, रंगानुसार, शिंगांनुसार जनावरांना दिलेली तेथील नावे, ती उच्चारणारी माणसे हयात आहेत तोवरच, कोशात रुजू करावीत.