आवर

गेल्या वर्षी आमच्या भाचीच्या मूत्रपिंडांस ल्युपसने ग्रासले. "मामा, माझंच शरीर माझ्यावर उलटलं, तर दोष कुणाचा?" असे तिने विचारले, तेव्हा वीस वर्षे वकिली करूनही आम्हांला उत्तर सुचेना. फिर्यादी आणि आरोपी एकाच देहात!

पुढे वाचनात आले की, रक्षक पेशींपैकी काही स्वकीयांवरच शस्त्र धरतात आणि त्यांना आवरण्यास नियामक 'टी' पेशी असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या उंदरांत दाखविल्या. पुढे २००१ साली मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी, ज्याच्या बिघाडाने हा आवर सुटतो ते फॉक्सपी-३ जनुक उजेडात आणले. तिघांस २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ल्युपसमध्ये हा आवर पुरा पडत नाही. शरीराने स्वतःविरुद्धच निर्मिलेली प्रतिपिंडे मूत्रपिंडांतील सूक्ष्म गाळण्यांत साचतात, दाह होतो, लघवीतून प्रथिने वाहून जातात. प्रचलित औषधे म्हणजे सरसकट जमावबंदी. दोषी-निर्दोष सारेच कोंडले जातात, म्हणून इतर रोगांचे भय वाढते. अल्प मात्रेत इंटरल्यूकिन-२ देऊन नियामक पेशींचेच बळ वाढवावे, असे प्रयोग चालू आहेत.

आम्ही भाचीस म्हणालो, "भस्मासुराची गोष्ट आठव. दोष शक्तीचा नव्हे, आवर सुटल्याचा."

"मग मनाईहुकूम कधी मिळणार?" गोळ्या हातावर घेत तिने हसून विचारले.

तारीख मात्र आम्हांला सांगता आली नाही.