काटा आणि आंकडा

पाण्याखालीं उतरणाऱ्या मनुष्यास आपल्या जिवाचा हिशेब क्षणोक्षणीं ठेवावा लागतो. पाठीवरच्या सिलिंडरांत हवा किती उरली, आपण किती खोल आहों आणि किती वेळ झाला, हें त्यास सतत ठाऊक पाहिजे. तें काट्याच्या तबकड्या व मनगटावरचें घड्याळ पाहून ठरवावें, कीं सर्व काम एका लहानशा संगणकावर सोंपवावें, हा वाद पाणबुड्यांत बरींच वर्षें चालला आहे. आम्ही हौसेचे पाणबुडे. दोन्ही साधनें वापरलीं आहेत, म्हणून चार शब्द लिहितों.

हवेच्या हिशेबापेक्षां वेळेचा हिशेब अवघड. दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासांतील नायट्रोजन अंगांत मुरत जातो. मनुष्य घाईनें वर आला, तर सोड्याची बाटली फोडल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे शरीरांत उठतात. सांधे धरतात, प्रसंगीं पक्षाघातही होतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं आपले तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनीं शरीराचे ५ काल्पनिक भाग धरले होते. पुढें झुरिचच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनीं १६ धरले. आजचे पुष्कळसे संगणक हेंच १६ भागांचें गणित सारखें करीत असतात.

तक्ता जुन्या सावकारासारखा आहे. तुम्ही १८ मीटरांवर १५ मिनिटेंच राहिलां आणि उरलेला वेळ ८ मीटरांवर मासे पाहण्यांत घालविला, तरी तो व्याज आकारणार सगळा वेळ १८ मीटरांचेंच. एका प्रचलित तक्त्याप्रमाणें त्या खोलीची मुदत ५६ मिनिटें. संगणक मात्र जितकें कर्ज झालें तितकेंच मांडतो. शिवाय वर येतांना वेग मिनिटास ९-१० मीटरांहून वाढला, तर ओरडून सांगतो. काटा व घड्याळ आळीपाळीनें पाहून हा वेग सांभाळणें किती कठीण, तें ज्यानें केलें तोच जाणे!

मग काट्याची कड कोणीं कां घ्यावी? अंदमानांत स्वराज द्वीपाजवळ एकदां १६ मीटरांवर आमच्या संगणकाचा पडदा एकाएकीं कोरा झाला. घड्याळ व खोलीची तबकडी सोबत होती. त्यांवर नजर ठेवून सोबत्यासह हळूहळू वर आलों, ५ मीटरांवर ३ मिनिटें थांबलों आणि होडींत चढलों. भय असें वाटलें नाहीं. रुखरुख लागली ती निराळीच. ती त्या दिवसाची दुसरी बुडी होती, आणि अंगांत नायट्रोजन किती उरला आहे याची नोंद केवळ त्या मेलेल्या यंत्रांत होती. दोन्ही बुड्या टप्प्याटप्प्यांनीं झालेल्या, त्या तक्त्यांत बसेनात. सोबत्याच्या यंत्रानें त्याच्या बुड्यांचा हिशेब ठेवलेला, तो आपल्या अंगास लावणें धोक्याचें. सावकाराचें व्याज जाचक खरें, पण त्याची वही आपणांस वाचतां येते. येथें वहीच बुडाली होती! २४ तास पाण्याबाहेर काढणें एवढाच मार्ग उरला, आणि जिच्यासाठीं इतक्या लांब आलों होतों ती दुसऱ्या सकाळची बुडी गेली.

तबकडीस स्मृतीच नाहीं, तेव्हां विस्मृतीही नाहीं. पॅरिसच्या यूजेन बूर्दोन यांनीं १८४९ सालीं पेटंट घेतलेली ती वाकडी, चपटी धातूची नळी दाबानें सरळ होऊं पाहते आणि काटा ढकलते; तिला विजेची गरज लागत नाहीं. आपटली म्हणजे मात्र तीही खोटें बोलूं लागते.

तरीही आमचा कौल संगणकाकडेच आहे. थंडीनें कुडकुडणारा, रात्रीं न झोंपलेला, पन्नाशी उलटलेला देह त्यास दिसत नाहीं हें खरें. पण तो तक्त्यास तरी कोठें दिसतो?

आमची भाची या हिवाळ्यांत तारकर्लीस पाणबुडी विद्या शिकावयास जाणार आहे. तिला संगणकच घेऊन देणार आहों. हवेसाठीं मात्र काट्याची तबकडीच ठेवावी, आणि पहिल्या दहा-बारा बुड्यांचा हिशेब रोज संध्याकाळीं तक्ता पुढें घेऊन कागदावर मांडावा, अशी अट घातली आहे. तिनें ती कुरकुरत कां होईना, मान्य केली.