केळणेच्या काठचं सामान्यज्ञान

बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या टपरीत तलाठी भरतीच्या जाडजूड मार्गदर्शकांना टेकून ‘जिल्हा दर्शन’ जातीची पुस्तकं उभी असतात. पातळ कागद, दाट छपाई आणि एकेका जिल्ह्याला फार तर दीड पान. जालन्याचं दीड पान साधारण असं असतं : स्थापना 1 मे 1981. औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून निर्मिती. तालुके 8. असईची लढाई, 1803. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब. राजूरचा गणपती. मोसंबी. बियाणे उद्योग. पोलाद. अभ्यासिकेतली पोरं त्याखाली पेन्सिलीनं रेघा मारतात आणि पुढच्या जिल्ह्याकडे वळतात. त्यांचं चुकत नाही. एका गुणाच्या प्रश्नाला एक ओळ पुष्कळ झाली.

मला परीक्षा द्यायची नाही, तरी ही पानं वाचायचा नाद आहे. त्यात इतिहासाचा रकाना वेगळा, नद्यांचा वेगळा, थोर व्यक्तींचा वेगळा आणि पिकांचा त्याहून वेगळा. जमिनीवर मात्र ही सगळी मंडळी बांधाला बांध लावून बसलेली आहेत. केळणा नदीचंच बघा. नद्यांच्या रकान्यात तिला बरेचदा जागाही मिळत नाही. अजिंठ्याच्या डोंगरातून उतरायचं, भोकरदनला वळसा घालायचा, वाटेत जुईला पोटात घ्यायचं आणि जाफराबादला पूर्णेच्या स्वाधीन व्हायचं, एवढाच तिचा संसार. उन्हाळ्यात तिच्या पात्रात बैलगाडीची चाकंसुद्धा ओली होत नाहीत.

या भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनहून आलेले दातेही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावातली माणसं माळव्यापर्यंत जात होती आणि दगडावर नाव कोरून घेण्याइतका पैसा गाठीला बाळगून होती. 1973 च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांच्या देखरेखीखाली सातवाहनकाळाचे थर उघडले. त्यांत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघाले, मणी निघाले आणि एक तुटकी हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. ती पाहून जाणकारांना इटलीची आठवण झाली.

कारण 1938 साली पॉम्पेई शहरात, व्हेसुव्हियसच्या राखेखालून, अशाच घडणीची एक हस्तिदंती बाई बाहेर आली होती. उंची वीतभर, फार तर थोडी जास्त. पिंडऱ्या झाकून टाकणारे वाळे, कोपरापर्यंत बांगड्यांची चळत, कमरेला मेखला, अंगावर दागिने सोडले तर जवळपास काहीच नाही आणि दोन्ही बाजूंना शृंगाराचं साहित्य घेतलेल्या दोन दासी. डोक्यातून खाली एक भोक गेलेलं आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या चौरंगाचा पाय, असे तर्क झाले. व्हेसुव्हियस इसवी सन 79 मध्ये फुटला. म्हणजे ही बाई त्याआधीच समुद्र ओलांडून तिथं पोचली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भोकरदनच्याच कारागिरांच्या हातची असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. काही जण तेर या गावाचं नाव घेतात, काही आणखी उत्तरेकडे बोट दाखवतात. वाद मिटेल तेव्हा मिटो. हत्तीच्या सुळ्याचा वीतभर तुकडा हातात धरून त्यात बांगडीखाली बांगडी कोरत बसणारी माणसं केळणेच्या काठी होती, एवढं मातीनं सांगितलं आहे.

भोकरदनची ती तुटकी मूर्ती जमिनीत झोपलेली असतानाच तिच्या डोक्यावर घोडे बांधले गेले. सप्टेंबर 1803. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची छावणी केळणेच्या काठानं भोकरदनपासून असईपर्यंत पसरली होती. घोडदळ भोकरदनच्या बाजूला आणि पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसानं कवायत शिकवलेली पायदळाची पथकं तोफांसह असईकडे. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय चौतीस. त्याचं सैन्य कितीतरी पटींनी कमी. नदी मध्ये आडवी, काठ उभे आणि वाटाडे ठामपणे सांगताहेत की पुढे उतार नाही.

वेलस्लीनं दुर्बीण लावली. त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. एवढ्या जवळ दोन गावं वसली आहेत, तर त्यांच्यात येणं-जाणं असणारच. लेकी दिल्या-घेतल्या असणार, बाजार असणार, दळण असणार. तेव्हा उतारही असलाच पाहिजे. तो होता. 23 सप्टेंबरला त्याचं सैन्य तिथून पार झालं. पोलमननं आपली अख्खी फळी ज्या शिताफीनं वळवून त्याच्यासमोर उभी केली, तशी अपेक्षा वेलस्लीला नव्हती. मराठ्यांच्या गोलंदाजांनी दाणादाण उडवली. संध्याकाळपर्यंत लढाई इंग्रजांच्या बाजूनं लागली, पण त्यांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर गेले. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी कोणी विचारलं, की रणांगणावर सगळ्यांत चांगलं काय केलंत, तर तो वॉटर्लूचं नाव घेत नसे, असई म्हणायचा.

असई आज लहानसं गाव आहे. पण मद्रास रेजिमेंटच्या जवानाच्या टोपीवरचा हत्ती त्या लढाईमुळे असईचा हत्ती म्हणूनच ओळखला जातो. तमिळ किंवा मल्याळी घरातला मुलगा भरती झाला की केळणेकाठच्या या गावाचं चिन्ह कपाळावर घेऊन हिंडतो. गावात मात्र लढाईच्या तारखेच्या सुमारास बाजरी कणसाला आलेली असते आणि सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं असतं.

केळणा सोडून दक्षिणेला गोदावरीकडे उतरलं की घनसावंगी तालुक्यात जांब लागतं. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या घरी 1608 च्या रामनवमीला नारायण जन्मला. तुकारामांचं जन्मवर्षही बहुतेक पुस्तकांत 1608 च दिलेलं असतं, त्यामुळे भरतीच्या परीक्षेत ही जोडी हमखास येते. पुढची कथा घरोघरी ठाऊक आहे. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असताना ‘सावधान’ हा शब्द कानी पडला आणि मुलगा मंडपातून पळाला. मग नाशिकजवळ टाकळीला तप, देशभर भ्रमंती, चाफळ आणि अखेरीस सज्जनगड. दासबोधाचे दशक 20, समास 200, मनाचे श्लोक 205. हे आकडे पोरांना झोपेतही येतात.

पाठांतराच्या पोरांना जे सहसा कोणी सांगत नाही, ते त्या श्लोकांच्या चालीबद्दल. वृत्त भुजंगप्रयात. एक लघू, दोन गुरू, असा तीन अक्षरांचा गट ओळीत चारदा. तोंडानं म्हणून बघा. दर तिसऱ्या पावलाला हलका ठेका, मग दोन लांब टाका. नागाच्या चालीवरून नाव पडलेलं हे वृत्त मुलं आपोआप डोलत म्हणतात, शिकवावं लागत नाही. पेटी नको, तबला नको आणि सूर लागला नाही तरी चालतं. मराठी घरांत संगीताची पहिली शिकवणी बरेचदा इथेच होते. भाद्रपदात टाळ्यांवर म्हटली जाणारी गणपतीची आरतीही परंपरेनं रामदासांचीच मानली जाते. न्यू जर्सीपासून मॉरिशसपर्यंत जिथं जिथं मराठी माणूस गणपती बसवतो, तिथं जांबेतून पळालेला मुलगा दहा दिवस दोन्ही वेळा हजर असतो. गाण्याचा कान या भागाला पुढेही राहिला. जवळच्या अंबडला दत्तजयंतीला शास्त्रीय संगीताचा उत्सव भरतो आणि मोठमोठे गवई तिथं गाऊन गेले आहेत.

पण मला जांबेत आठवतो तो थोरला भाऊ. त्यांचं नाव गंगाधर, आणि लोक त्यांना ‘श्रेष्ठ’ म्हणत. ते पळाले नाहीत. त्यांनी घर सांभाळलं, आईला सांभाळलं, संसार केला आणि ग्रंथही लिहिले. धाकटा भाऊ फार वर्षांनी आईला भेटायला आला तेव्हा त्याला भेटायला आई होती, घर होतं, देव्हारा होता. ते सारं कोणीतरी जपून ठेवलं होतं म्हणूनच. ‘जिल्हा दर्शन’च्या पानावर गंगाधरपंतांना ओळ मिळत नाही.

गोदेच्या या अंगाला मोसंबीच्या बागा आहेत. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही आता प्रश्नात येतं. बाग कशी फुलते ते येत नाही. आंबे बहार धरायचा तर ऐन थंडीत बागेचं पाणी तोडतात, झाड ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. शेतकरी रोज बागेत जाऊन पानगळ बघतो. फार ताण बसला तर फांदी वाळते, कमी बसला तर फुलाऐवजी नुसती पालवी येते. नेमका दिवस साधून मग हलकं आंबवणीचं पाणी, नंतर चिंबवणीचं, मग भरपूर. पंधरा-वीस दिवसांत रानभर वास सुटतो. हा ताण माणसानं मोजून दिलेला असतो. 2012-13 च्या दुष्काळात निसर्गानं न मोजता दिला. टँकरनं जगवल्या तेवढ्या बागा जगल्या, बाकीच्यांवर लोकांनी स्वतःच्या हातानं कुऱ्हाड चालवली.

जालना शहर कुंडलिकेच्या काठी आहे. जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, अशी म्हण आहे आणि पाळण्यातलं सोनं बघायला बरेच जण आले. अकबराच्या दरबारातला अबुल फजल इथं काही काळ राहिला, असं जुनी गॅझेटियर सांगतात. नोव्हेंबर 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी ही पेठ लुटली. परतताना संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेनं महाराजांना पट्टागडावर सुखरूप नेलं. महाराजांची ही शेवटची मोठी मोहीम. त्या श्रीमंत पेठेला निजामाच्या काळात घाणेवाडीच्या तलावाचं पाणी उतारानं, विजेशिवाय मिळू लागलं. तलावात गाळ साचला आणि दुष्काळानं डोळे उघडले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तो उपसायला घेतला.

आणि बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, 1964 मध्ये महिको ही कंपनी उभी केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एका ओळीत बसणारी ही गोष्ट शेतात मात्र बोटांवर चालते. संकरित कपाशीचं बियाणं करायचं तर दुपार उतरली की बाया मादी ओळींत शिरतात. उद्या उमलणारी कळी आजच हेरायची, नखानं पाकळ्यांसकट पुंकेसर सोलून काढायचे, मधली काडी दुखवायची नाही आणि खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत नर झाडाचं फूल आणून त्याचे पराग त्या काडीला टेकवायचे. याला इकडे क्रॉसिंग म्हणतात. एका बोंडामागे दोन दिवसांत दोनदा हात लागतो आणि प्लॉटवर हे कित्येक आठवडे रोज चालतं. उद्या कुठली कळी उमलणार, हे त्या बायांना पोपटी टोकाच्या फुगवट्यावरून कळतं. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं आणि विचारलं तर त्यांना सांगताही येत नाही. पाकिटं भरून बियाणं देशभर जातं.

या जिल्ह्याची नामवंत वस्तू किंवा माणूस शोधायला गेलं, तर ती इथं सापडत नाही. हस्तिदंती बाई, जर ती इथलीच असेल तर, नेपल्सला. नारायण सज्जनगडावर, लढाईचं यश लंडनला, हत्ती दक्षिणेतल्या सैनिकाच्या टोपीवर. गेलेल्यांची नावं झाली याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण ज्ञान त्यांच्याबरोबर निघून गेलं, असं समजू नये. ताण कधी तोडायचा, कळी कुठली धरायची, आईला कोणी सांभाळायचं, हे राहिलेल्यांपाशीच होतं आणि आहे. पिंपळगाव-वरूडच्या कुठल्याही पोराला जे ठाऊक होतं, त्याचा तर्क करून एक सेनापती लढाई जिंकला. वाटाड्यांना विचारून काही कळलं नव्हतं. तेव्हा कधी भोकरदनकडे गेलात तर बघण्यासारखं काय आहे, असं विचारू नका. लोक संकोचतील आणि देवळाकडे बोट दाखवतील. पावसाळ्यात नदीला उतार कुठे मिळतो ते विचारा. तासभर बोलतील.