आधी अंदाज लिहा

“सर, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी का चढलं नाही?”

सातवीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला आणि माझी वीस वर्षांची शिकवणी तिथल्या तिथे खोटी पडली. प्रयोग सर्वांच्या ओळखीचा. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध मेणबत्ती, वर काचेचा पेला पालथा घालायचा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. मी दरवर्षी सांगत आलो होतो, की ऑक्सिजन जळून गेला. हवेत तो साधारण एक पंचमांश असतो, म्हणून पाणीही तेवढेच चढले. मलाही असेच शिकवले होते, गाईडातही असेच छापलेले असे. पट्टी लावून मोजण्याची गरज कुणालाच वाटली नव्हती.

या पोरीने मात्र नीट पाहिले होते. पेला ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर आले. ज्योत जळत होती तोवर पाणी जवळजवळ जागच्या जागी होते. ज्योत मालवली आणि मग ते भर्रकन वर गेले. ऑक्सिजन जळण्यामुळे पाणी चढत असेल, तर ते जळतानाच हळूहळू चढायला नको का?

माझ्याकडे उत्तर नव्हते. “पुढच्या शनिवारी बघू,” म्हणालो.

आमच्या विज्ञान मंडळाची सभा शनिवारीच भरते. सकाळची शाळा साडेअकराला सुटते आणि पंचवीसेक मुले घरी जायचे सोडून प्रयोगशाळेत येतात. डबे तिथेच उघडतात. मंडळाला अध्यक्ष आहे, चिटणीस आहे, पण खरा कारभार एका दोनशेपानी वहीचा. तिच्यात तीन रकाने आखलेले असतात: अंदाज, दिसले ते, कारण. पहिला रकाना भरल्याशिवाय सामानाला हात लावायचा नाही आणि तो पेनानेच भरायचा. खोडरबराला सभेत बंदी आहे.

त्या शनिवारी पेला तोच, ताटली तीच, पण मेणबत्त्या तीन ठेवल्या. पेल्यातली हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणी किती चढेल? एकोणीस जणांनी लिहिले, ‘तेवढेच’. सहा जणांनी लिहिले, ‘जास्त’. एका मेणबत्तीला पाणी दोन बोटे चढले होते. तिघींना ते चार बोटांच्या जवळ गेले. एकोणीसजण गप्प झाले. विसावा मी.

कारण शोधायला पुढच्या दोन सभा गेल्या. पेला खाली येताना ज्योतीभोवतीची हवा तापून फुगते आणि बुडबुड्यांच्या रूपाने निसटते. ज्योत विझली की आतली उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन ज्योती हवा जास्त तापवतात, म्हणून पाणी जास्त. शिवाय ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजन संपलेला नसतोच. 21 टक्क्यांवरून तो साधारण 16 टक्क्यांवर आला की मेणबत्ती मान टाकते. जो जळतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो. 25 कार्बन अणूंचा मेणाचा एक रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे 38 रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे 25 तयार होतात. पाण्याची वाफ काचेवर धुक्यासारखी जमते, ती वेगळी. म्हणजे ऑक्सिजनमुळे आकारमान घटते, पण फार थोडे. पाणी मुख्यतः उष्णतेच्या खेळाने चढते.

वहीचा उपयोग मला त्या दिवशी खरा कळला. अंदाज लिहिला नसता, तर तीन मेणबत्त्यांचे पाणी पाहून आम्ही सगळेच म्हणालो असतो, “हो, असंच होणार होतं.” माणसाचे मन फार चलाख असते. उत्तर दिसले की ते आपल्याला आधीपासून ठाऊक होते, अशी स्वतःची समजूत घालून घेते. कागदावरची शाई तशी समजूत घालू देत नाही.

सामानाचे म्हणाल, तर आमच्या कपाटात महागडे काही नाही. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या सोळा शाळांपासून सुरुवात करून दाखवून दिले, की खेड्यातली मुले हाताशी असलेल्या वस्तूंतून विज्ञान शिकू शकतात. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथे गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांच्यापासून त्यांनी सांगाडे जोडून दाखवले. ते आम्हीही करतो. चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. एवढे झाले की मुलांना वर बघायला सांगायचे. प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली लोखंडी कैच्या आहेत. नुसते त्रिकोण! सहा वर्षे त्यांच्याखाली बसून कुणी ते पाहिलेले नसतात.

दुसरा आवडता प्रयोग सावलीचा. डिसेंबरातल्या एका शनिवारी मैदानात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी केली आणि विचारले, सावली सर्वांत लहान कधी होईल? सगळ्यांनी लिहिले, बारा वाजता. बाराला सावली 89 सेंटिमीटर भरली. पाच-पाच मिनिटांनी मोजत राहिलो, तर ती आखडतच गेली. साडेबाराला 87 च्या खाली आली, मग पुन्हा वाढू लागली आणि एक वाजता परत 89 झाली. “घड्याळ पुढे आहे,” असे चिटणीसांचे मत पडले. एका अर्थी ते खरेच. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाच्या वेळेने चालते. आमचा सातारा जिल्हा 74 अंशांच्या आसपास. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात. साडेआठ अंशांची चौतीस मिनिटे होतात. सूर्याचे बारा आमच्याकडे उशिरा वाजतात ते यामुळे.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. फेब्रुवारीत तीच काठी पुन्हा उभी केली, तर सर्वांत लहान सावली पाऊण वाजून गेल्यावर पडली. गाव जागचे हलले नव्हते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या पुढेमागे होत राहतो. फळ्यावर हे मला अर्ध्या तासात सांगता आले असते. पण अठरा मिनिटांची ती तफावत मुलांनी स्वतः उन्हात उभे राहून पकडली होती, म्हणून कारण ऐकायला त्यांचे कान टवकारलेले होते.

शून्य सावलीचा दिवस मात्र आम्हाला नेहमी चकवतो. आमच्याकडे तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा शाळेला सुटी असते. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, तेव्हा आभाळ गच्च भरलेले. तरी मेमध्ये दहा-बारा मुले मामाच्या गावाला न जाता मैदानात येतात. दोन्ही हातांनी बाटली सरळ धरून, तिची सावली बुडाखाली गडप होताना बघतात.

याउलट विज्ञान प्रदर्शनांचे मला वावडे होत चालले आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी, बाजारातून आणलेले प्रारूप, शेजारी पाठ केलेले भाषण. परीक्षकाने आडवा प्रश्न केला की मूल आईकडे बघते. तिथे उत्तर तयार असते, प्रश्न मात्र कुणाचाच नसतो. डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा ते सांगत, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव. मी सहीनिशी उत्तर पाठवीन. माझ्या मते विज्ञान मंडळाची सारी घटना त्या एका अटीत आली.

मंडळ चालवायला आठवड्याचे दीड-दोन तास, एक वही आणि “मला माहीत नाही, बघू” म्हणू शकणारा शिक्षक एवढे पुरते. तिसरी वस्तू मिळवायला मला वीस वर्षे लागली.

दिवाळीत मेणबत्त्या घरात असतीलच. एक उंच आणि एक बुटकी घ्या, शेजारी-शेजारी पेटवा आणि मुलांना जवळ बसवून दोन्हींवर मिळून काचेची मोठी बरणी पालथी घाला. कोणती आधी विझेल? उत्तर मी इथे लिहीत नाही. आधी अंदाज लिहा, आणि पेनाने लिहा.